बाजूचं दिसत न्हाई

विश्वजीत एकोणिसाव्या वर्षात शिरला आणि त्याच्या मापाची चप्पल शिरूरच्या बाजारात मिळेना. दुसऱ्या एखाद्या बापाला काळजी लागली असती. सर्जेरावांना चेव आला. न्हावऱ्याच्या पारावर पोराचा पंजा चारचौघांना दाखवत ते म्हणायचे, "दुधातुपाचं अंग हाय. उगं न्हाई." माणसाला मिरवायला काहीतरी लागतंच, सर्जेरावांना पोरगा होता. त्याचा जबडा रुंदावला, आवाज घोगरा झाला, डोकं दुखतं म्हणून तो भर दुपारी कपाळाला ओलं फडकं आवळून पडू लागला, हे मात्र पारावर कधी निघालं नाही.

गेल्या वर्षी यवतच्या आखाड्यात एका काटकुळ्या पोरानं डावीकडून येऊन त्याचा पट काढला आणि त्याला चीत केलं. विश्वजीतला तो आलेला कळलाच नाही. बाहेर येऊन तो म्हणाला, "आप्पा, मला बाजूचं दिसतच न्हाई. समोरचं तेवढं दिसतं."

भोवती सगळे सोयरेधायरे. सर्जेरावांनी त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. "हारला तर हारला, वर बहाणं सांगतो व्हय रं?" लोक हसले. पोरानं पुन्हा तो विषय काढला नाही.

मागच्या महिन्यात न्हावऱ्याच्या चौकात त्याला बाजूनं आलेला ट्रॅक्टर दिसला नाही. मोटारसायकलीचा चुराडा झाला, पोरगा वाचला. शिरूरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोक्याचा फोटो काढायला लावला आणि तो बघून बापलेकांना दौंडला धाडलं. तिथं दर गुरुवारी पुण्याहून मेंदूच्या डॉक्टर यायच्या, गौतमी मॅडम. मूळच्या भांडगावच्या.

मॅडमनी विश्वजीतला समोर बसवलं, आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि दोन्ही हात बाजूला नेऊन बोटं हलवली. "दिसली की सांग."

बोटं हलत होती. कोपऱ्यातल्या सर्जेरावांना दिसत होती, दारातल्या नर्सला दिसत होती. विश्वजीत इमानानं नाकाकडे बघत गप्प होता. बोटं पार डोळ्यांपुढं आली तेव्हा म्हणाला, "आत्ता दिसली." धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं सर्जेरावांना झालं.

"आबा, विहिरीवरच्या मोटारीला आटो बसवलाय का?" मॅडमनी सर्जेरावांना विचारलं.

"हाय की. लाइट आली का आपोआप चालू व्हती."

"मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी ग्रंथी असते. तिच्यातल्या पेशींना स्वतःची वीज असते. विजेचे ठोके पडले, की हार्मोन रक्तात सुटतं. बास कधी करायचं, ते मेंदू वरून सांगतो. याच्या काही पेशी ऐकतच नाहीत. ठोके चालूच, वाढीचं हार्मोन चालूच. आटो लावून मालक गावाला गेला, अन् पाणी साचून रान उपळलं, तसं. त्या पेशींची आता गाठ झालीय, ती नजरेच्या नसांवर दाबतीय."

म्हणजे ते अंग दुधातुपाचं नव्हतंच. वर्षभर पारावर आपण पोराचा आजार मिरवला.

"गाठ काढता येईल," मॅडम म्हणाल्या. "पण नजर किती परत येईल, ते नस किती दिवस दबलीय त्यावर आहे. कधीपासून दिसत नाही?"

विश्वजीतनं बापाकडं मान वळवली नाही. "झाला आसंल महिना."

सर्जेरावांनी सुटकेचा श्वास सोडला, आणि आपण तो सोडला याचीच त्यांना शिसारी आली. तरी तोंड उघडलं नाही. मॅडमनी 'एक महिना' लिहून घेतलं. "मग आशा चांगली आहे. पुढचं त्यावर ठरवू," त्या म्हणाल्या.

बाहेर बाकावर सर्जेराव पोराच्या शेजारी बसले. बराच वेळ घुटमळून त्यांनी हळूच हात जोडले. विश्वजीत समोरच्या भिंतीकडं बघत होता. त्याला ते जोडलेले हात दिसले नाहीत. हात खाली घेतले असते तर कुणाला कळलंही नसतं, आणि सर्जेरावांनी एकदा घेतलेही.

मग ते उठले, पोराच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले आणि पुन्हा हात जोडले. विश्वजीत गडबडून उठला. "आप्पा, आवं लोक बघत्यात!"

"बघू दे. तवाबी बघतच व्हते. चल आत."

आत दुसरा पेशंट तपासून घ्यायला बसला होता. नर्स अडवत होती. सर्जेरावांनी दार ढकललं आणि दारातूनच म्हणाले, "मॅडम, महिना न्हाई, वरीस झालं. त्यानं मला तवाच सांगितलं व्हतं. मी त्याच्या थोबाडीत मारली."