गुडघेपाट

दादासो कुरणेचं उद्यमनगरात सीटांचं दुकान होतं. ट्रॅक्टरच्या, मोटारसायकलच्या, कधी एखाद्या ट्रकवाल्याची पाठीमागची गादी. शिरोळकडचे ऊसवाले नवा ट्रॅक्टर घेतला की आधी कंपनीची सीट उपसून टाकायचे आणि दादासोकडनं दुसरी बसवून घ्यायचे. त्याच्या सीटवर बसलं की खालचं ढेकूळ कळत नाही, अशी त्याची ख्याती होती. पंचवीस वर्षांत एकही सीट तक्रार होऊन परत आली नव्हती, आणि हे तो गिऱ्हाइकानं विचारलं नाही तरी सांगायचा.

अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत एका सोमवारी फादर पास्कू बारदेस्कर त्याच्या दुकानात आले. चंदगडकडचे, साठी ओलांडलेले, अंगात पांढरा झगा आणि पायात करकरत्या चपला. त्यांच्या चर्चमध्ये नवे बाक आले होते. प्रत्येक बाकाच्या पायाशी आडवी फळी होती, आणि त्या फळीला गाद्या हव्या होत्या.

"बसायला?" दादासोनं विचारलं.

"बसायला न्हाय. गुडघे टेकायला. प्रार्थनेत आम्ही गुडघे टेकतो."

"गुडघ्याची सीट म्या कधी केली न्हाय. मला भार कुठं पडतोय ते बघाया पायजे. करून दाखवा की."

फादरांनी इकडंतिकडं पाहिलं. मग एक तयार सीट जमिनीवर ओढून घेतली, तिच्यावर दोन्ही गुडघे टेकले, पाठ ताठ केली आणि हात जोडले. दादासो स्टुलावर बसून वाकून बघत होता. नेमकं त्याच वेळी शिरोळचे एक बागायतदार आपली सीट न्यायला दारात आले. त्यांनी पाहिलं, की एक पांढऱ्या केसांचा म्हातारा दादासोपुढं गुडघ्यावर बसून हात जोडतोय आणि दादासो मख्खासारखा बघतोय.

"आरं, काय माणूस हाईस का कोण?" बागायतदार ओरडले. "बापाच्या वयाचं माणूस पाया पडतंय. काय झालं आसंल ते सोडून दे की! पावणं, उठा तुमी. ह्येला मी बघतो."

"तसं न्हाय ओ, त्ये माप देत्यात," दादासो म्हणाला.

"कसलं माप?"

"भक्तीचं," फादर खालूनच म्हणाले, आणि सीटचा आधार घेत हळूहळू उठले. बागायतदारांचं समाधान झालं नाही. जाताना ते दादासोकडं असं बघत गेले, की पुढचे दोन महिने शिरोळहून एकही गिऱ्हाईक आलं नाही.

दादासोनं ट्रॅक्टरला वापरतात तोच भारी फोम घेतला, खाली पट्टीची स्प्रिंग दिली, वर तपकिरी रेक्झिन ताणून चढवलं. चाळीस बाकांना चाळीस गाद्या. काम इतकं देखणं झालं, की बसवून झाल्यावर तो स्वतःच एका गादीवरनं दोनदा हात फिरवून आला.

गाद्या बसवल्यानंतरच्या सोमवारी फादर पुन्हा दुकानात. चेहरा पडलेला.

"दादासो, जरा घोटाळा झालाय. दुखत न्हाय."

"मग?"

"लोक म्हणतात, दुखतच न्हाय."

दादासोला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चुकलं. पंचवीस वर्षांत पहिली तक्रार, आणि ती ही. पण फादर थट्टा करत नव्हते. रविवारी सगळ्यांनी गुडघे टेकले तेव्हा स्प्रिंगांनी त्यांना थोडं वर उचललं होतं, मग खाली नेलं होतं, मग पुन्हा वर. सगळं चर्च चालत्या ट्रॅक्टरवर बसल्यागत डुलत होतं. डुलता डुलता मागच्या बाकावरचे तिघं झोपले, आणि त्यातला एक घोरला. बाळाबाई म्हणून सत्तर वर्षांच्या बाई होत्या, चर्चमध्ये त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्या मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर फादरांना म्हणाल्या होत्या, "फादर, माझी आई वाळूवर गुडघं टेकायची. रगात यायचं. आनि म्या हितं झोक्यावर बसू व्हय? देवाला काय सांगू, बरं चाललंय म्हनून?"

"म्हणजे दुखायला पायजे," दादासोनं खुंटा हलवून बघितला.

"थोडं."

"थोडं म्हंजी किती?"

धर्मगुरू व्हायला सेमिनरीत आठ वर्षं काढलेल्या फादरांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

त्यासाठी चर्चमध्ये पाच जणांची समिती नेमली गेली. समितीनं तीन बैठका घेतल्या आणि ठरवलं, की दुखणं जाणवावं, पण लक्ष विचलित होऊ नये. दादासोनं हे वाक्य कागदावर लिहून घेतलं आणि दुकानात खिळ्याला अडकवलं. मग फोम काढून काथ्या भरला. त्यावर बँकेतल्या एका साहेबांची तक्रार आली, की त्यांचं लक्ष विचलित होतंय. मग वर बोटभर फोम दिला. बाळाबाईंनी निरोप धाडला, की डाव्या गुडघ्याला ठीक आहे, उजव्याला अजून पाप लागतंय.

घरी दादासोचं जेवण कमी झालं. त्याची बायको मीनाबाई म्हणाली, "पैसं परत देऊन टाका आनि मोकळं व्हा."

"पैशाचा प्रश्न न्हाय. माझी सीट परत येत न्हाय. ही तीनदा आलीया."

शेवटी त्यानं ठरवलं, की स्वतः जाऊन बघायचं. माणसं किती वेळ टेकतात, कशी टेकतात, उठताना कुठं हात घालतात. पुढच्या रविवारी तो धुतलेला शर्ट घालून, वही-पेन्सिल आणि घड्याळ घेऊन चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला. तो बौद्ध, विहारातली वंदना सोडली तर दुसऱ्या कुठल्या प्रार्थनेला कधी गेलेला नव्हता. सगळे उभे राहिले की तो उभा राहायचा, बसले की बसायचा, आणि वहीत वेळ मांडायचा.

मग घंटी वाजली. वेदीच्या बाजूला सयाजी नावाचा चर्चचा जुना सेवक घंटी घेऊन बसला होता. घंटीसरशी सगळे गुडघ्यावर आले. फादरांनी पांढरी भाकर दोन्ही हातांनी उंच धरली, लोकांच्या माना लवल्या. भाकर खाली ठेवून फादरांनी वेदीला धरलं आणि उजवा गुडघा जमिनीला टेकला. दादासोनं घड्याळ बघितलं. तीन सेकंद. पाच. दहा.

फादर उठले नाहीत.

अर्धं मिनिट झालं. फादरांचं डोकं थोडं वर आलं आणि पुन्हा खाली गेलं. सयाजीला वाटलं, त्यांनी दुसऱ्यांदा गुडघा टेकला. त्यानं घंटी वाजवली. लोकांनी माना आणखी लववल्या. फादरांनी पुन्हा जोर केला, डोकं वर आलं, खाली गेलं. सयाजीनं पुन्हा घंटी वाजवली. असं पाच वेळा झालं. प्रत्येक घंटीला चर्च आणखी खाली वाकत होतं, आणि चार मिनिटं होईतो पहिल्या रांगेतल्या माणसांची कपाळं पुढच्या कठड्याला लागली होती.

बाळाबाईंना हुंदका फुटला. "फादरास्नी दर्शन झालं!" त्या शेजारणीला म्हणाल्या. ते दोन रांगा मागं ऐकू गेलं, तिथनं आणखी मागं गेलं. कुणीतरी माळ काढून जप सुरू केला. बँकेतले साहेब रडायला लागले.

अख्ख्या चर्चमध्ये मान वर करून बघणारा एकच माणूस होता, आणि तो मापं घ्यायला आला होता. त्यानं पाहिलं, की फादरांची बोटं वेदीच्या कडेला कावळ्याच्या पंजासारखी रुतलीत आणि मानेवरनं घाम ओघळतोय. हे दर्शन नव्हे. हे आडकलंय. ट्रॅक्टरच्या सीटचा दांडा गंजून असाच अर्ध्यात अडकतो, हे त्याला माहीत होतं.

त्यानं वही बाकावर ठेवली, चपला काढल्या आणि मधल्या वाटेनं पुढं गेला. तिथं कुणी जायचं असतं की नाही हे त्याला ठाऊक नव्हतं, पण अडवायला कुणाची मान वर नव्हती. तो फादरांच्या शेजारी दोन्ही गुडघ्यांवर बसला आणि कानाशी कुजबुजला, "फादर, लागलंय का?"

"गुडघा लॉक झालाय," फादर दातांतनं म्हणाले. "उचल मला."

"लोकांस्नी सांगू का?"

"नको. अर्धं झालंय, प्याला राहिलाय. मध्ये थांबवता येत न्हाय. उचल लेका!"

दादासोनं त्यांच्या काखेत खांदा घातला, कमरेला मिठी मारली आणि ट्रॅक्टरचं चाक उचलावं तसा जोर लावला. कट् असा आवाज झाला, माइकवरनं सगळ्या चर्चभर घुमला, आणि फादर उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. तसेच ते पुढचे शब्द म्हणू लागले. त्यांनी प्याला हातात घेतला.

राहिला दादासो. उचलायच्या नादात त्याच्या पाठीत उसण भरली होती आणि दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. तो तिथंच वेदीपाशी गुडघ्यावर, हात जमिनीला टेकलेले.

"आता तू ऊठ," फादर प्याल्याआडनं म्हणाले.

"जमंना झालंय."

म्हणून उरलेला सगळा भाग दादासो तिथंच होता. गुडघ्याखाली गादी नव्हती, नुसती फरशी. त्याला खरं सांगायचं तर भयंकर दुखत होतं. आणि त्या दुखण्यात त्याला पहिल्यांदाच कळलं, की बाळाबाईंना नेमकं काय हवंय. पण ते वहीत कसं मांडायचं हे काही कळलं नाही.

दुपारपर्यंत वस्तीत बातमी पोचली, की दादासो कुरणे रडणाऱ्या शेकडो लोकांपुढं चर्चमध्ये गुडघे टेकून किरिस्ताव झाला. संध्याकाळी विहार समितीचे आकाराम दोघांना घेऊन आले. दादासो पाठीला गरम पिशवी लावून पालथा पडला होता.

"दादासो, हे काय ऐकतोय? बाबासाहेबांनी आपल्याला ताठ उभं केलं, आनि तू जाऊन कुणाम्होरं गुडघं टेकलास?"

"टेकलं न्हाय. अडकलं."

"अडकलं?"

"आधी फादर अडकलं, मग म्या अडकलो."

आकारामांनी सोबतच्यांकडं बघितलं. तेवढ्यात मीनाबाई चहा घेऊन आली. ती म्हणाली, "पौर्णिमेला विहारात आपण समदी गुडघं टेकूनच वंदना म्हणतोय न्हवं? तवा तर कुणी इचारत न्हाय. आनि म्हातारं माणूस पडलेलं उचलायला उभ्यानं कसं उचलायचं, ते आकारामभाऊ तुमी दाखवा. मी हितं बसते."

ती खरंच खाली एका गुडघ्यावर बसली. आकारामांनी उभ्यानं वाकून तिच्या काखेत हात घालावा की नाही याचा बराच वेळ विचार केला, मग चहा प्यायले आणि प्रकरण मिटल्याचं सांगून गेले.

गाद्यांचं काम चर्चनंच मिटवलं. उजव्या रांगेला काथ्या राहिला, डाव्या रांगेला फोम. लोक आपापल्या गरजेप्रमाणं बसू लागले. सणासुदीला उजवी रांग आधी भरते, आणि बँकेतले साहेबही तिकडंच दिसतात, असं सयाजी सांगायचा. दर्शनाची गोष्ट मात्र बाळाबाईंनी शेवटपर्यंत सोडली नाही. 'कट्' हा आवाज त्यांच्या मते आभाळातनं आला होता.

फादरांच्या गुडघ्याचं मिरजेला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता टेकायचा नाही. बिशपांनी परवानगी दिली, की नुसतं कमरेत वाकलं तरी चालेल. एका गुरुवारी दुपारी फादर काठी टेकत दुकानात आले आणि स्टुलावर बसले.

"चाळीस वर्षं गुडघा टेकलाय," ते म्हणाले. "आता वाकतो. लोकांना चालतं, बिशपांना चालतं. मलाच नमस्कार करून निघून आल्यागत वाटतं."

दादासोनं दाभण खाली ठेवलं. "डॉक्टर एकट्यानं टेकू नका म्हटलेत, का दोघांनीबी?"

फादर हसले. मग दोघं रिक्षानं चर्चला गेले. आत कुणी नव्हतं. दादासोनं त्यांच्या काखेत खांदा घातला, दोघं बरोबरच सावकाश खाली गेले. फादरांचा भार त्याच्या खांद्यावर, गुडघा फरशीला जेमतेम लागलेला. फादर काही पुटपुटले. दादासो समोरच्या भिंतीकडं बघत राहिला. मग त्यांनी मान हलवली आणि त्यानं त्यांना वर उचललं.

त्यानंतर दर गुरुवारी दुपारी दादासो तासभर दुकानाचं शटर ओढायचा. गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणायचा, "एक सीट बघून येतो." असं चार वर्षं चाललं. दोन हजार दोन साली फादरांची बदली चंदगडकडं झाली. त्यांच्या जागी एक तरुण फादर आले, फुटबॉल खेळणारे, पायऱ्या दोन-दोन चढणारे.

पहिल्या गुरुवारी दादासो सवयीनं चर्चच्या दारात जाऊन उभा राहिला.

"या की. काय काम होतं?" नव्या फादरांनी विचारलं.

"काय न्हाय," दादासो म्हणाला. "गुडघं कसं हायत तुमचं?"

"एकदम मस्त!"

"बरं हाय मग," तो म्हणाला, आणि जरा वेळ तिथंच पायरीवर बसून दुकानाकडं परतला.