सबनीस साहेबांची बंडी

मित्रांनो, मी एक जुनी बंडी आहे. म्हणजे साखरा गावातली माणसं मला बंडी म्हणतात. आरमारात माझं नाव लाइफ जॅकेट होतं. जाड केशरी कापड आणि आत गच्च भरलेला सावरीचा कापूस. समुद्रात माणूस तरंगता ठेवायचा, एवढंच माझं काम.

मी सबनीस साहेबांची, आमच्या जहाजावरच्या अधिकाऱ्याची. एकाहत्तरच्या लढाईत जहाजाला भगदाड पडलं, तेव्हा मी त्यांच्या अंगावर होते. जहाजाच्या स्वयंपाकघरातला आचारी कोंडीबा धावत वर आला. त्याचं जॅकेट खालीच राहिलं होतं. साहेबांनी विचारलं, "कोंडीबा, पोहता येतं का रे?"

कोंडीबानं नाही म्हणून मान हलवली.

साहेबांनी मला काढलं, त्याच्या अंगावर बांधलं. "जा, घरी तुझी लक्ष्मी वाट बघत असेल," म्हणाले आणि अडकलेल्यांना काढायला खाली उतरले. आणखी दोघे वर आले. साहेब काही आले नाहीत.

पाण्यात पडताच मला कळलं. या गड्याचे हातपाय कसे सपासप पाणी कापत होते! शिरड शहापूरच्या विहिरींत उड्या मारून वाढलेला तो. त्याला पोहता न यायला काय झालं? भीतीनं मान हलली, झालं!

लढाईनंतर तो आपल्या गावी गेलाच नाही. तिथं त्याचं पोहणं सगळ्यांना ठाऊक. मग सासरवाडीला, साखऱ्यात राहिला आणि पाण्यात पाऊल टाकीना. लोक म्हणत, "धसका घेतला बिचाऱ्यानं." दर पंधरा ऑगस्टला गाव त्याला लढाईतला जवान म्हणून टोपी-टावेल द्यायचं, तो खाली मान घालून घ्यायचा. लोकांना वाटे, केवढा हा विनय! मी मात्र खुंटीवर शरमेनं मेल्याहून मेल्यासारखी व्हायचे. त्यानं मला कधी हात लावला नाही, की ऊन दाखवलं नाही. उंदरांनी माझं पोट कुरतडलं.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात त्याची नात साक्षी विहिरीवर पोहायला शिकायला निघाली. तरंगायला पाठीशी बांधायचा रिकामा डबा मिळेना, म्हणून तिनं मला खुंटीवरून ओढलं.

"आबाची बंडी हाय, बुडत न्हाई!" मैत्रिणींना म्हणाली आणि घेतली उडी.

कुजलेल्या कापसानं पाणी प्यायलं. मी जड झाले आणि लेकराला घेऊन खाली निघाले. काय सांगू मित्रांनो! ज्याला माझी गरज नव्हती त्याला तारलं, आणि ही माझ्या भरवशावर आलेली पोर बुडत होती.

पोरींच्या आरड्यानं गाव धावलं. कोंडीबा काठावर आला, त्यानं जमलेल्या माणसांकडे एकदा पाहिलं आणि धोतरासकट सूर मारला. तळाशी येऊन त्यानं आम्हा दोघींना उचललं आणि एका हातानं पोहत पायरीला आणलं.

साक्षी खोकली, मग मोठ्यानं रडली. तेव्हा कुठं लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, तुमाला तं पव्हता येतं!"

"व्हय," तो तोंड झाकून म्हणाला. "तवाबी येत व्हतं."

आता मला वाळवून पुन्हा खुंटीला टांगलंय. मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना वर्षातून एकदा तरी ऊन दाखवा. आणि कुणी आपल्या अंगावरची बंडी काढत विचारलं, "पोहता येतं का रे?" तर खरं सांगा. विचारणाऱ्यालाही घरी जायचं असतं.