धुतलेल्या सालींची बादली

लख्खकाकूंचं खरं नाव इमारतीत कुणालाच ठाऊक नव्हतं. भांडं असो की भिंत, त्यांचा हात फिरला की लख्ख! म्हणून त्यांच्या यजमानांनी थट्टेने त्यांना 'लख्ख' म्हणायला सुरुवात केली होती. यजमान गेले, नाव मागे राहिलं. काकू मुलाकडे कायमच्या राहायला आल्या तेव्हा तेही सामानाबरोबर आलं. सामान तरी काय, दोन ट्रंका आणि कुंडीतलं एक लिंबाचं झाड.

हे झाड यजमानांनी बी टाकून वाढवलेलं. चहात पिळलेल्या लिंबाची बी त्यांनी बोटाने मातीत खुपसली, तेव्हा काकू म्हणाल्या होत्या, "उगवलं तर मला सांगा." ते उगवलं, आणि पुढची कितीतरी वर्षं ते त्यांना रोज सांगत राहिले. घर बदलताना टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा कुंडीला मिळाली आणि काकू मागे ट्रंकेवर बसून आल्या. मुलगा ही गोष्ट अजून सगळ्यांना सांगतो.

तर हे झाड मुलाच्या गॅलरीत आलं आणि रुसलं. पानं पिवळी पडली, मग गळायला लागली. नर्सरीवाल्याने माती बोटांत चुरली आणि मान हलवली. "माती थकलीय, काकू. नुसत्या पाण्यावर किती दिवस काढणार ते? पोटाला घाला काहीतरी, नाहीतर राहायचं नाही."

काकूंनी घरी येऊन ते सांगितलं. सुनेने ऐकलं आणि म्हणाली, "आई, आपल्या घरातून रोज पिशवीभर खाणं बाहेर जातंय. साली, देठं, चहाचा चोथा. त्याचंच खत करू या."

"घरात केर साठवायचा?" काकूंनी पदर नाकाला लावला. केर अजून यायचा होता, तरी लावला. पण नजर लिंबाकडे गेली आणि पदर खाली आला. "झाकण घट्ट हवं हं त्याला."

सुनेने बादली आणली. मुलाने तिच्या अंगाला भोकं पाडली. सून सकाळी कामावर जायची, तेव्हा दिवसभराची बादली काकूंच्या ताब्यात. आणि एकदा एखादी गोष्ट ताब्यात आली की काकू तिच्या हात धुऊन मागे लागत.

थोड्याच दिवसांत गॅलरीत वास यायला लागला. आधी आंबूस, मग कुबट, मग असा, की कबुतरांनीसुद्धा कठडा बदलला.

बरोबर खाली, तळमजल्यावर, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना. हेच इमारतीचे अध्यक्षही. एका संध्याकाळी ते पांढऱ्या कोटातच वर आले.

"काकू, मी कुणाच्या घरात नाक खुपसणारा माणूस नाही."

"नाही हो, डॉक्टर."

"पण तुमच्या घरातलं माझ्या नाकात येतंय! माझ्या पेशंटला तोंड उघडं ठेवावं लागतं. म्हणजे श्वास कशाने घ्यायचा? नाकाने. आज एक गृहस्थ दाढ तशीच ठेवून निघून गेले. म्हणाले, दाढ परवडली!"

मुलगा हसला आणि आईचा चेहरा बघून थांबला.

"रविवारी मी बघायला येतो," डॉक्टर म्हणाले. "वास राहिला तर बादली जाणार. राग मानू नका."

डॉक्टर गेल्यावर मुलगा म्हणाला, "जाऊ दे ना आई. टाकून देऊ. झाड काय, दुसरं आणू."

काकूंनी कुंडीच्या कडेचं पडलेलं पान उचललं, पुसलं आणि तळहातावर ठेवून बसल्या. दुसरं झाड आणता येतं. पण बी खुपसणारं ते बोट कुठून आणायचं?

सून दाराशी उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "रविवारपर्यंत वेळ आहे. तू त्या बादलीला हात लावायचा नाहीस."

दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली. तिला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, की घोडं पेंड खातंय कुठे. बारा वाजायच्या सुमाराला ती स्वयंपाकघरात आली आणि जागीच थबकली. काकू नळाखाली चाळणी धरून उभ्या होत्या. चाळणीत केळ्यांच्या साली. एकेक साल उलटून, चोळून, पाणी निथळवून त्या बाजूला रचत होत्या.

"आई! काय करताय?"

"काय म्हणजे? बादलीत टाकायच्या आहेत ना."

"मग धुताय कशाला?"

"अगं, अशाच टाकू? चिकट आहेत!"

"रोज धुता?"

"रोज. आणि बादलीत फिनेलचा एक हात. वास येतो म्हटल्यावर दोन हात. त्या भोकांनाही चिंध्यांचे बोळे बसवलेत मी. मेला वास बाहेर पडायला नको म्हणून."

सून खुर्चीवर बसली. "आई, फिनेलने ते किडे, जंतू सगळे मेले असणार. खत तेच तर करतात! आणि हवा लागावी म्हणून भोकं होती."

"जंतू पाळायचे होते?" काकूंचे डोळे मोठे झाले. "हे मला आधी नाही का सांगायचं? मी जन्मभर त्यांना मारत आले!"

"पण मग मी रोज रात्री सुकं म्हणून पुठ्ठ्याचे तुकडे टाकत होते, त्यांचं काय झालं? मला वाटलं, किती भराभर कुजतायत. ऑफिसात सांगितलंसुद्धा मी कौतुकाने."

आता काकूंची मान खाली गेली. "ते तू टाकत होतीस होय? मला वाटलं, चुकून पडलेत. मी रोज सकाळी वेचून काढायची."

"केरातून केर काढत होतात?"

"नीटनेटकं दिसावं म्हणून गं!"

सुनेला जे हसू फुटलं ते आवरेना. काकू आधी ओशाळल्या, मग त्यांनाही हसू आलं, आणि दोघी ओट्याला धरून डोळे पुसेपर्यंत हसल्या. या घरात आल्यापासून दोघी एकमेकींशी गोडच बोलत होत्या. पण पाहुण्यांशी बोलतात तसं. तू काय करतेस, तुम्ही काय करता, असं कुणी कुणाला विचारलंच नव्हतं. एकीने सुकं घालावं, दुसरीने काढावं आणि दोघींनी मनातल्या मनात म्हणावं, आपलं किती छान चाललंय!

हसू ओसरलं तशा काकू एकदम थांबल्या.

"सुकं!" त्या म्हणाल्या. "आत्याच्या परसात खड्डा होता. मी लहान होते. साली टाकायला मला पाठवायची आणि दारातून ओरडायची, 'ओल्यावर सुकं घातलंस का गं?' बाजूला वाळक्या पानांचा ढीग असायचा. ओंजळभर घालायची नि पळायचं. त्या खड्ड्याचा वास आल्याचं मला आठवत नाही. शेजारीच आम्ही सागरगोटे खेळायचो. बघ, इतकं सगळं डोक्यात होतं आणि मी फिनेल ओतत बसले."

"तुम्ही शहरात आलात, आई. इथे बाटलीतलंच आठवतं."

वाळकी पानं कुठे मिळणार, हा प्रश्न पडला नाही. इमारतीच्या मागे झाडूवाली रोज पानांचा ढीग पेटवायची आणि सगळे रोज खिडक्या लावून घ्यायचे. काकू पिशवी घेऊन खाली उतरल्या तेव्हा ती काडी ओढायच्याच बेतात होती.

"थांब थांब, पेटवू नकोस! मला हवीत ती."

"पानं हवीत?" झाडूवालीने त्यांना वरून खालपर्यंत न्याहाळलं. "एक पान राहिलं म्हणून ओरडणारे मला रोज भेटतात. मागणाऱ्या तुम्ही पहिल्याच. सगळी न्या बाई, माझे डोळे तरी वाचतील धुरातून."

सासूसुनेने मिळून बादली रिकामी केली. फिनेल प्यायलेला तो गाळ पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीवर दिला. बादली धुतली (हे काम काकूंनी फार मन लावून केलं), बोळे काढले. तळाशी पानं, मग साली, मग मूठभर माती, वर पुन्हा पानं. चिकट साल तशीच टाकताना काकूंनी पहिल्या दिवशी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या दिवशी एकच मिटला. सुनेने शिकवल्याप्रमाणे त्या काठीने ढवळत आणि मग भोकाला नाक लावून बसत, जणू बाळाचा श्वास तपासताहेत. आंबूस वाटलं की आणखी ओंजळभर पानं. शनिवारी त्या नुसत्याच बसून राहिल्या. हुंगायला काही नव्हतं.

रविवारी डॉक्टर आले. काकूंनी जुन्या चादरीची खोळ शिवून बादलीला घातली होती आणि झाकणावर उशी ठेवली होती, दुपारी लिंबाजवळ बसायला म्हणून. डॉक्टर गॅलरीत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि त्याच बैठकीवर ऐसपैस बसले. सुनेने ओठ घट्ट मिटले. मुलगा चहा आणायला म्हणून आत पळाला.

डॉक्टरांनी दीर्घ श्वास घेतला. "आहाहा! बघा काकू, बादली हलवली आणि हवा कशी स्वच्छ झाली. मी म्हणत नव्हतो?"

गप्प राहिलं असतं तर निभावलं असतं. सुनेने खुणावलंही. पण काकूंच्या स्वभावात डाग राहू द्यायची सोय नव्हती.

"डॉक्टर, बादली हलवली नाही."

"मग कुठे आहे?"

"तुम्ही बसलायत तिच्यावर."

दाढ उपटावी तसे डॉक्टर ताडकन उठले. उशी खाली पडली. त्यांनी बादलीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग कोटाचा मागचा भाग हुंगता येतो का ते पाहिलं. शेवटी वाकून झाकण उचललं. आधी लांबून, मग जरा जवळून.

"याला तर वासच नाही. म्हणजे आहे, पण... झाडाखाली बसल्यासारखा."

"झाडासाठीच आहे तो," काकू म्हणाल्या आणि कुंडीकडे वळल्या. खत व्हायला अजून बराच अवकाश होता आणि लिंबावर मोजकीच पानं उरली होती. काकूंनी बोट मातीत खुपसून ओल पाहिली, अगदी यजमान पाहायचे तशी. "तेवढा दम धर," त्या झाडाला म्हणाल्या. "तुझंच चाललंय." आणि बोट न पुसताच चहाचा कप उचलला. ते फक्त सुनेने पाहिलं.

डॉक्टर चहा पिऊन उठले. दाराशी जाऊन परत आले, घसा खाकरला.

"काकू, दवाखान्यात रोज चहाचा चोथा निघतो. मी संत्रीही बरीच खातो. साली पाठवल्या तर चालतील?"

"चालतील की," काकू म्हणाल्या. "फक्त धुऊन पाठवू नका."