तोतोची ताठर छाती

मित्रांनो, मी एक जुनं रबरी बाळ आहे. जुनं आणि तरी बाळ कसं, म्हणून हसू नका. इलोइलो शहरातल्या एका कॉलेजात गेली एकोणीस वर्षं मी नुकताच जन्मलेला आहे.

माझा जन्म एका कारखान्यातल्या साच्यात झाला. छातीत फुप्फुस म्हणून एक छोटी पिशवी बसवली, पाठीवर नंबर टाकला आणि खोक्यात उलटं घालून मला बोटीने इकडे धाडलं. या कॉलेजात आजाऱ्यांचा श्वास सांभाळायला शिकवतात. मोठ्यांसाठी व्हेंटिलेटर असतात, त्यांचं शिक्षण शेजारच्या खोलीत चालतं. जन्मल्यावर श्वासच न घेणाऱ्या बाळाला कसं वाचवायचं, ते माझ्यावर शिकवतात. नाकातोंडावर इवलासा मास्क धरायचा आणि त्याला जोडलेली हवेची पिशवी हाताने हळू दाबायची. श्वास, दोन, तीन. श्वास, दोन, तीन. बरोबर जमलं की माझी छाती जराशी वर येते.

सुरुवातीला माझे काय लाड झाले म्हणून सांगू! दर वर्षी नवा वर्ग आला की माझा नव्याने बाप्तिस्मा व्हायचा. आजवर माझी एकोणीस नावं ठेवली गेली, आणि धर्ममाता-धर्मपिता मोजायला बसलो तर दोनशेच्या वर जातील. नाताळात भेट मात्र एकानेही आणली नाही. हाक मारताना सगळे तोतोच म्हणतात. परीक्षेआधी मुलं पेनं घेऊन चर्चमध्ये आशीर्वादाला जातात, तशी अलीकडेच दिंदो नावाच्या एका वात्रट मुलाने मलाही पिशवीत घालून नेलं. पाद्रीबाबांनी माझ्याकडे दोनदा बघितलं आणि मग मुकाट्याने पाणी शिंपडलं.

पुढे माझं वय झालं. खिडकीतलं ऊन आणि इथला उकाडा खाऊन रबर कडक होत गेलं. छाती वर यायला जोर लागू लागला. मुलं घामाघूम व्हायची आणि मी मनात म्हणायचो, या पोरांच्या हातात दमच नाही. खरं सांगतो, मी भाव खात होतो. आमच्या सोलेदाद मॅडमसुद्धा कौतुकाने सांगायच्या, "आमचा तोतो शिस्तीचा आहे. ज्याच्या हाताने तोतो श्वास घेतो, त्याच्या हाताने कुणीही घेईल."

मग मारिनेल आली. तिच्या घरची पावाची भट्टी, त्यामुळे पहाटे उठून पांदेसाल पावांचं पीठ मळायचं आणि मग वर्गात यायचं. तिने पिशवी दाबली की माझी छाती टम्म वर. बाकीचे बघत राहायचे.

"पीठ मळतेयस की बाळ वाचवतेयस गं?" दिंदो म्हणायचा.

"तुझ्याच्याने दोन्ही होत नाही, गप बस," ती म्हणायची.

वर्गात ती पहिली आणि मी तिच्यावर फिदा. परीक्षेला बाहेरून एवारिस्तो सर आले आणि येताना स्वतःचं नवंकोरं बाळ घेऊन आले. त्याच्या छातीत दाब मोजायची सोय होती आणि दाब जास्त झाला की लाल दिवा लागायचा. मारिनेलने सवयीप्रमाणे पिशवी दाबली. छाती बेडकासारखी फुगली आणि दिवा लागला तो विझेचना.

"इंदाय, पोरी," सर शांतपणे म्हणाले, "हे बाळ आहे, सायकलची ट्यूब नाही. या हाताने खऱ्या बाळाचं फुप्फुस फाटेल."

मारिनेल नापास झाली. शुक्रवारी आणखी एकच संधी होती. तीही हुकली तर नवजात बाळांच्या वॉर्डात पाऊल टाकायचं नाही आणि अख्खं वर्ष पुन्हा करायचं.

आता गंमत बघा. सराव करायला ती आली ती माझ्याकडेच. हळू दाबलं की मी ढिम्म. मग ती बिचारी जोर लावायची, मी ऐटीत छाती वर काढायचो आणि तिचा हात आणखी बिघडायचा. शेवटी तिने मास्क बाजूला ठेवला आणि तिला रडू फुटलं. "तोतो, मग नेमकं किती दाबू रे मी?" एवढं तोंड उघडं असून मला सांगता येईना की पोरी, तू बरोबर आहेस, मीच बिघडलोय. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

तेवढ्यात सोलेदाद मॅडम आल्या. "सरक, मी दाखवते," म्हणून त्यांनी पिशवी घेतली. त्यांचे हात नाजूक. दाबलं, काही नाही. पुन्हा दाबलं, तरी काही नाही. दार पुसत असलेले मानोंग इस्को, म्हणजे आमचे सामान सांभाळणारे इस्कोदादा, तिथूनच म्हणाले, "मॅडम, त्याची छाती कडक झालीय. दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणालात, बाळ शिस्तीचं आहे."

मॅडमनी दाबाचा काटा आणून मला जोडला आणि मारिनेलला दाबायला लावलं. माझी छाती वर आली तेव्हा काटा हव्या त्या रेघेच्या कितीतरी पुढे गेला होता. 

"चूक तुझी नाही, इंदाय," त्या म्हणाल्या. "मी तुला दगडावर शिकवलं."

शुक्रवारपर्यंत नवं बाळ कुठून आणणार? मानोंग इस्कोंनी आईसकँडी भरायच्या पातळ पिशव्या आणल्या, फुप्फुस म्हणून नळीला बांधल्या आणि वर हातरुमाल टाकला. माझी जागा त्या चिंधीने घेतली, हे बघून मला राग आला होता, लपवत नाही. मारिनेल काट्यावर डोळा ठेवून दोन बोटं आणि अंगठ्याने दाबायला शिकली. "मळायचा हात नको," ती स्वतःलाच बजावायची, "फुगलेला गोळा उचलायचा हात हवा." शुक्रवारी लाल दिवा एकदाही लागला नाही.

तीन आठवड्यांनी मॅडम धावतच खोलीत आल्या. वॉर्डात एक बाळ निपचित जन्मलं होतं आणि पिशवी मारिनेलच्या हातात होती. श्वास, दोन, तीन. मिनिटभराने ते रडलं. कसं रडलं ते मॅडमनी मानोंगना आवाज काढून दाखवलं आणि दोघं वेड्यासारखी हसत डोळे पुसत होती.

हल्ली माझ्यावर फक्त बाळाला दुपट्यात गुंडाळायला शिकवतात. माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो, की पोराला नापास करण्याआधी ते ज्याच्यावर शिकलं त्याची छाती एकदा दाबून बघत जा. मला वेळेवर तपासलं असतं तर त्या दिवशी मारिनेल रडली नसती. आणि तपासलंच नसतं, तर ते बाळ कधीच रडलं नसतं.