काळ्या क्रॅनबेरीचं बारसं

अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या केप कॉडचे आमचे म्हातारे जहाजातून उतरले की थेट क्रॅनबेरीच्या, म्हणजे आंबट लाल बोरांच्या दलदलीत उतरत. कप्तान झेबायना क्रोवेलही तसेच. तीस वर्षं जहाज हाकलं, आता चर उपसत होते आणि वेलींवर वाळू पसरत होते.

त्या साली त्यांच्या मळ्याच्या कोपऱ्यातली एक वेल भलतंच करू लागली. इतरांच्या फळांना जेमतेम लाली चढली होती, तेवढ्यात हिची फळं काळीभोर! घंटेसारखी लांबट आणि इतकी टणक, की पायरीवर टाकली तर टुणकन उडत. थंडीनं फळं गोठायच्या आत हाताशी येणारी जात! कप्तानांनी लगेच फळीवर ‘कप्तान झेबायना’ असं रंगवून ती तिथे रोवली.

दुसऱ्याच दिवशी चरापलीकडच्या मेहिटेबल स्नो आल्या. नवरा गेल्यापासून मळा त्याच बघत, आणि जिभेला कोयत्याची धार.

“कप्तान, तुमची पाटी माझ्या वेलीवर आहे.”

“अहो बाई, मधे चर आहे. दिसत नाही का?”

“वेलीला कळतो होय चर? माझ्या एलिझरनं लावलेली आहे ती. तुमच्याकडे नुसती पिल्लं आलीत.”

“म्हणजे तुमची कोंबडी माझ्या अंगणात अंडं घालते म्हणता?”

“अंडं माझंच ना मग!”

कप्तानांनी पंच म्हणून चर्चचे कारभारी, डीकन इनॉक यांना बोलावलं. डीकन म्हणाले, “वेल धरा आणि मुळापर्यंत चला.”

तिघंही गुडघ्यांवर रांगत निघाली. वेलीची एक दोरी संपली, की तिथेच मूळ धरून दुसरी निघालेली. असं करत चर ओलांडला. बाईंच्या मळ्यात शिरताच त्यांनी कप्तानांकडे असं पाहिलं, की बोलायची गरजच उरली नाही. पण वेल थांबेना. ती मळा ओलांडून कुंपणाखालून निघाली ती थेट चर्चच्या पाणथळीत. तिथे होतं अंगठ्याएवढं जाड मूळ.

डीकन खाकरले. “जमीन चर्चची. तेव्हा ‘डीकन इनॉक’ हेच नाव...”

“मुळीच नाही!” दोघंही एकदम ओरडली.

“फळ आंबट आहे,” बाई म्हणाल्या, “पण तुमच्याइतकं नाही.”

कप्तान इतके हसले, की त्यांचा गुडघा आखडला. बाईंनीच हात देऊन त्यांना उठवलं. हात चिखलानं बरबटलेला होता, तरी कप्तानांना तो लवकर सोडवेना.

नाव दोघांचं द्यायचं ठरलं. पण आधी कुणाचं? त्यावर बाईंच्या स्वयंपाकघरात तीन आठवडे रोज संध्याकाळी वाद चालला आणि क्रॅनबेरीचं सारण भरून भाजलेले किती ‘पाय’ फस्त झाले ते देव जाणे. शेवटी बॉस्टनहून व्यापाऱ्याचं पत्र आलं: ‘रांगती’ची आणखी वीस पिंपं पाठवा.

कप्तान तरातरा मळ्यात गेले. “हे नाव कुणी ठेवलं?”

फळं खुडणाऱ्या बायकांची मुकादम जोआकिना मानही वर न करता म्हणाली, “आम्ही. पिंपावर काहीतरी लिहायला नको का? तुम्ही तिघं त्या दिवशी रांगत होतात, ते सगळ्यांनी पाहिलंय कप्तान.”

रांगतीची रोपं पुढे गावोगाव गेली. डीकनांनी रविवारी नम्रतेवर दीड तास प्रवचन दिलं. कप्तान आणि बाईंनी मात्र वाद मिटवला नाही. मिटवला असता, तर संध्याकाळी चर ओलांडायला निमित्त काय उरलं असतं?