वरचं फाटक

खालच्या चौकात गोळीबार सुरू झाला तेव्हा नजवा अर्नाऊत तिच्या ऑफिसात उभ्याउभ्याच तिळाचा पाव खात होती. बसून खायची सवय तिला राहिलीच नव्हती. दारावरच्या पाटीवर ‘प्रमुख, सुरक्षा आणि माहिती’ असं झोकात लिहिलेलं. काम म्हणाल तर कुठला रस्ता बंद, कुठे टायर पेटलेत, वीज येणार की नाही, तास होणार की नाही, हे विद्यापीठातल्या झाडून सगळ्या पोरांना मोबाइलवर कळवत राहायचं. आमच्या त्रिपोलीत या कामाला सुट्टी कसली!

पहिले दोन बार तिने लग्नाचे समजून सोडून दिले. तिसऱ्यानंतर मात्र पाव खाली ठेवला. लग्नातली माणसं हवेत बार काढतात ती भराभर, खिदळत. अशी थांबून थांबून, नेम धरून नाही.

वॉकीटॉकीवर खालच्या फाटकावरचा पहारेकरी अबू फादी ओरडत होता. “नजवाबाई, दोन घराण्यांची जुंपलीय! भाजीवाले गाड्या टाकून पळाले. टॅक्सीवाले मात्र अजून ढिम्म उभे आहेत, अक्कलशून्य!”

“फाटक लाव आधी.”

“लावतोय. पण पोरं येणारच की हो इकडे. घरी जायची टॅक्सी इथेच मिळते.”

नजवाने झटक्यात मजकूर लिहून काढला. खालच्या चौकात गोळीबार चालू आहे, कुणीही बाहेर पडू नका, आहात त्या इमारतीत आतल्या बाजूला थांबा. सरळ, स्वच्छ. पण गेल्या वर्षीपासून नियम असा की कुठलाही मजकूर कुलगुरू डॉक्टर मुनीर यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय सोडायचा नाही. डॉक्टर मुनीर म्हणजे कधीही आवाज न चढवणारा माणूस. अशा माणसांशी भांडणं फार अवघड.

“‘गोळीबार’ हा शब्द काढा,” ते फोनवर म्हणाले.

“मग काय लिहू? फुगे फुटतायत?”

“नजवा, हे पालक वाचतात. बातमीत येतं. लिहा, खालचं फाटक दुरुस्तीसाठी बंद आहे. तास नेहमीप्रमाणे होतील. परिस्थिती पूर्णपणे आटोक्यात आहे.”

“डॉक्टर, या देशात ‘आटोक्यात’ हा शब्द वाचला की लोक आधी पाव घ्यायला पळतात आणि मग पेट्रोल भरायला. तुम्ही स्वतः पळाला असाल कधीतरी!”

“मी वाद घालत नाहीये,” ते म्हणाले, आणि खरंच घालत नव्हते.

इथे बाईने टेबलावर हात आपटायला हवा होता. नाही आपटला. नोकरी माणसाच्या मनगटातला जोर कधी काढून घेते, कळतसुद्धा नाही. तिने त्यांचा मजकूर जसाच्या तसा सोडला.

पोरांची उत्तरं यायला कितीसा वेळ लागणार! ‘दुरुस्ती? आमच्या वसतिगृहातला नळ आधी दुरुस्त करा, तो गळून गळून म्हातारा झालाय.’ दुसऱ्याने लिहिलं, ‘आटोक्यात म्हणतायत म्हणजे संपलंच. उचला रे बॅगा.’

आणि मग तिचा स्वतःचा फोन वाजायला लागला. आमच्याकडे ही रीतच आहे. जे सगळ्यांना सांगितलंय ते आपल्यासाठी नसतंच. आत आपलं माणूस असलं की त्याला गाठायचं आणि खरं काय ते हळूच विचारून घ्यायचं. मावशीचा फोन आला, खालच्या मजल्यावरच्या शेजारणीचा आला, दातांच्या डॉक्टरच्या बायकोचा आला. सगळ्यांचं एकच. “नजवा, आम्हाला खरं सांग हं. ते सगळ्यांसाठीचं नको.”

“जे लिहिलंय तेच खरं,” असं म्हणून ती फोन ठेवत गेली. प्रत्येक वेळी जीभ जड होत गेली. बाहेर पुन्हा बार झाले, या वेळी जवळ वाटले. मग तिने ऑफिसचं दार लोटून घेतलं, खिडकीशी गेली आणि लेकीला फोन लावला. लमा औषधशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होती, इथेच. एकुलती एक.

“कुठे आहेस?”

“कॅन्टीनमध्ये. आई, खाली काय चाललंय गं? कुणी फटाके म्हणतंय...”

“लमा, ऊठ. वरच्या फाटकाने बाहेर पड आणि थेट जमीलमामाकडे जा. खालच्या अंगाला पाऊलसुद्धा टाकायचं नाही.”

“अगं, पण रीटा आहे माझ्याबरोबर.”

“रीटाला ने. बाकी कुणापाशी चकार शब्द काढायचा नाही.”

“पण तू तर लिहिलंयस की तास नेहमीप्रमाणे...”

“मी लिहिलंय काय ते सोड. मी सांगतेय काय ते ऐक!”

लमा गुणी पोर. तिने खरंच दुसऱ्या कुणाला सांगितलं नाही. पण रीटाचा भाऊ अभियांत्रिकीला होता, आणि भावाला न सांगता बहीण निघून जाईल होय? तिने त्याला चालता चालता आवाजी निरोप पाठवला. भावाला मित्र होते. मित्रांना मैत्रिणी होत्या. निरोपाला पाय फुटले. शेवटी तो नजवाकडेच परत आला, दातांच्या डॉक्टरच्या बायकोने कौतुकाने पाठवलेला. ‘बघ, तू सांगितलं नाहीस, तरी आम्हाला कळलंच!’ नजवाने तो कानाला लावला. मुलीचा धापा टाकत बोलणारा आवाज होता. “नजवा मॅडमनी आपल्या मुलीला वरच्या फाटकाने बाहेर काढलंय. लेखी आलंय ते खोटं आहे. पळा.”

खिडकीतून पाहिलं तर सगळं विद्यापीठ टेकडी चढत होतं. ग्रंथालयातून, प्रयोगशाळांतून, मशिदीच्या ओट्यावरून पोरं निघाली होती. काही धावत होती.

वरचं फाटक म्हणजे नावाचंच फाटक. एका वेळी एक माणूस जेमतेम जाईल एवढं लोखंडी दार, आणि पलीकडे दोन भिंतींमधून चढत जाणाऱ्या अरुंद पायऱ्या, थेट वरच्या रस्त्यापर्यंत. त्या वाटेने रोज चारदोन प्राध्यापक जायचे, तेही अंग चोरून.

“अबू फादी, वर जा! वरच्या फाटकावर!”

“बाई, मी काय उडत जाऊ? गुडघे बघा माझे!” पण तो गेला. बराच वेळ नुसती खरखर. मग त्याचा आवाज आला तो रडकुंडीला आलेला. “वरचा रस्ता लष्कराने अडवलाय. पुढची पोरं पायऱ्यांवर अडकलीत, त्यांना पुढे जाता येत नाही, आणि मागची रेटतायत. एक मुलगी पडली, तिच्या हातावरून गेली हो पोरं! मी घसा फोडून ओरडतोय, माझं कोण ऐकतंय इथे!”

डॉक्टर मुनीरना न विचारताच नजवाने मजकूर सोडला. वरच्या फाटकाकडे जाऊ नका, रस्ता बंद आहे, चेंगराचेंगरी होतेय, मागे फिरा. तिने श्वास रोखून पडद्याकडे पाहिलं. पहिलं उत्तर आलं.

‘मॅडम, तुमची मुलगी कुठून गेली?’

कुणी थोबाडीत मारली असती तर परवडलं असतं. त्या उत्तराखाली शेकड्यांनी अंगठे पडत होते, आणि खिडकीबाहेरची गर्दी टेकडी चढतच होती. तिच्या लक्षात आलं, आता तिने कितीही खरं लिहिलं तरी त्याला काडीची किंमत नाही. तिचा एकच शब्द या पोरांनी खरा मानला होता, लेकीला सांगितलेला. तो परत घ्यायचा तर लेकीलाच परत बोलवायला हवं होतं. हे कळलं आणि ती खुर्चीत बसली. सकाळपासून पहिल्यांदा.

मग तिने फोन लावला. जमीलनेच उचलला.

“आली गं पोरगी सुखरूप! देवाची कृपा. कॉफी ठेवलीय, तू आता काळजी सोड.”

“जमील, तिला फोन दे.”

“आई?”

“लमा.” “तुला परत यावं लागेल. पायऱ्यांवर पोरं चेंगरतायत. तुझ्या मागे आलीत सगळी. माझं आता कुणी ऐकत नाही. तू वरून पायऱ्या उतरून आत येताना त्यांना दिसलीस तर फिरतील.”

मागून जमीलचं सुरू झालं. “वेड लागलंय का तुला? आई आहेस का कोण आहेस? लोकांच्या पोरांसाठी स्वतःची पोर त्या गर्दीत ढकलतेस?”

लमा म्हणाली, “हे तू आई म्हणून सांगतेयस की ऑफिस म्हणून?”

“आई म्हणून तर मी तुला बाहेर काढलं होतं,” नजवा म्हणाली.

पलीकडे दार आपटल्याचा आवाज झाला, जमीलच्या शिव्या ऐकू आल्या, आणि फोन बंद झाला. येतेय की नाही, ते काही ती बोलली नाही.

नजवाने विद्यापीठाच्या गटावर आवाजी निरोप रेकॉर्ड केला. मजकूर लिहिला नाही, नुसती बोलली. “मी नजवा, लमाची आई. खालच्या चौकात गोळीबार चालू आहे आणि मी तुम्हाला दुरुस्ती म्हणून सांगितलं. माझ्या मुलीला मात्र खरं सांगितलं आणि वरच्या फाटकाने पाठवलं. चुकले मी. आता तो रस्ता बंद आहे. मी तिला परत बोलावलंय. ती वरून येतेय, बघा. मागे जे आहेत त्यांनी आहात तिथेच खाली बसा. बसा रे, बाळांनो, रेटू नका.” निरोप सुटला तेव्हा तिला वाटलं, आणि पोर आलीच नाही तर? तर हेही खोटंच ठरणार होतं.

चपला तिथेच टाकून ती टेकडीकडे धावली. डॉक्टर मुनीरचा फोन आला. “तुम्ही माझ्या परवानगीशिवाय...”

“हो,” ती म्हणाली आणि धावतच राहिली.

गर्दीच्या शेपटाला काही पोरं खरंच खाली बसली होती. मधली अजून उभी होती, माना उंचावून. एकाने तिला ओळखलं आणि मोठ्याने म्हणाला, “या, मॅडम! झाली का दुरुस्ती?” दोघंतिघं हसली, कडवट. ती भिंतीच्या कडेकडेने सरकत राहिली आणि तोंडाने “लमा, लमा” पुटपुटत राहिली, म्हणजे येऊ दे म्हणत होती की नको येऊ दे, हे तिचं तिलाच कळत नव्हतं.

वॉकीटॉकी खरखरली. “नजवाबाई, दिसतेय! वरच्या पायरीवर उभी आहे. एक शिपाई तिचा दंड धरतोय... सोडलं, सोडलं त्याने! उतरतेय.”

मग लमाचा आवाज तिला नुसत्या कानांनी ऐकू आला. लहानपणी गच्चीवरून हाक मारायची तसा, चिरका. “मी लमा! मी परत आत चाललेय! वर रस्ता नाही! मला वाट द्या आणि माझ्या मागे या!”

कुणीतरी तिला शिवी दिली. नजवाने ती ऐकली आणि ओठ चावला. पण पायऱ्यांवरचं पहिलं पोर फिरलं, मग त्याच्या शेजारचं. मागची बसत गेली तशी पुढच्यांना मागे यायला जागा होत गेली. दार मोकळं व्हायला किती वेळ लागला कोण जाणे; नजवाचा तेवढ्यात जन्म गेला. आधी ती पडलेली मुलगी आली, दोघांच्या खांद्यांवर, हात वेडावाकडा लोंबणारा, तोंड पांढरंफटक. नजवाने तिचं नाव विचारलं. मुलीने तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि मान फिरवली.

त्यानंतर लमा आली. कुडत्याची बाही फाटलेली, गालावर ओरखडा. आईच्या समोरून ती तशीच पुढे गेली आणि पोरांच्यात जमिनीवर बसली.

दुपार कलायला लागली तेव्हा चौक शांत झाला. लष्कराने खालचा रस्ता मोकळा केला आणि आईबाप गाड्या घेऊन आले. पोरं आपापल्या आयांच्या गळ्यात पडत होती. अबू फादी नावं पुकारत होता आणि मधूनच गुडघे चोळत होता. शेवटी फाटकाशी दोघीच उरल्या.

नजवाने लेकीच्या गालाकडे हात नेला. लमाने तो अडवला नाही, पण जवळही आली नाही.

“आई, त्या मुलीचा हात दोन ठिकाणी मोडलाय. माझ्या वर्गातली आहे. सुहा.”

“माहितीय,” नजवा म्हणाली. तिला माहिती नव्हतं.

“पुढच्या वेळी मला फोन करू नकोस. सगळ्यांना कळेल तेव्हा मलाही कळू दे. आणि आधी कळावंसं वाटलं, तर सगळ्यांनाच आधी कळव.”

नजवाला लेकीचा अभिमान वाटला आणि त्याच क्षणी फार एकटं वाटलं. डोंगराकडच्या बाजूला कुठेतरी पुन्हा एक बार झाला, लांब. लग्नाचा असेल, नसेल. तिचा हात आपोआप खिशातल्या फोनकडे गेला. लमा समोरच उभी होती, हाताच्या अंतरावर, आणि तो हात बघत होती.