माझा शेंडा झुंबरबाईंकडे आहे

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. खरं म्हणजे काठी म्हणवून घ्यायचा हक्क आता मला उरलेला नाही. तुमच्या शाळेच्या कपाटावर धूळ खात पडले आहेत ते माझे दोनच तुकडे. तिसरा झुंबरबाईंच्या घरी आहे. तो तिथे का राहिला, ते आज तुम्हाला सांगते.

माझा जन्म विलायतेतला. एका कारागिरानं बांबूच्या सहा चिरफळ्या तासून एकमेकींना चिकटवल्या आणि माझं अंग घडवलं. बुडखा, मधला आणि शेंडा असे माझे तीन तुकडे. बुडख्याच्या आणि मधल्याच्या टोकाला त्यानं पितळी तोंडं बसवली. पुढचा तुकडा त्या तोंडात असा घट्ट बसायचा की सांधा बोटाला लागत नसे. तापीकाठच्या रेल्वेवरच्या एका गोऱ्या इंजिनिअरानं मला इकडे आणलं. सत्तेचाळीस साली तो मायदेशी निघाला तेव्हा हाताखालच्या गँगमन मगनला मला देऊन गेला.

मगनचं गाव तापीच्या काठी, अमळनेर आणि शिरपूरच्या मध्ये. त्याचे दोन जिवलग मित्र होते. जीवराम गावचा शाळामास्तर आणि तोताराम केळीचा बागाईतदार. भाद्रपदात पूर ओसरून पाणी निवळलं की समुद्राकडून नदी चढत काही लहान मासे तिथवर येत. वीतभर लांब, पांढरेशुभ्र. गावातले भोई त्यांना नुसतं ‘खारे’ म्हणत. हे खारे गांडुळाला तोंड लावत नसत, कणकेच्या गोळीला भुलत नसत. पण पाण्यावर माशी उतरली की झेप घेत.

तशी माशी तोताराम करायचा. त्याच्या घरच्या लाल कोंबड्याच्या मानेचं पीस तो गळाला बांधायचा, तेही झुंबरबाईंच्या शिवणाच्या दोऱ्यानं. झुंबरबाई म्हणजे त्याची बायको. दोरा चोरला म्हणून त्या रोज भांडायच्या आणि दुसऱ्या दिवशी नवं रीळ मुद्दाम उघड्यावर ठेवायच्या. नदीवर मात्र फेक जीवरामचीच. दोरी पाठीमागे सोडून तो मला अशी पुढे आणायचा की पीस अलगद पाण्यावर टेकायचं. काठावर धुणं धुणाऱ्या बाया हसून लोटपोट व्हायच्या. “काय मास्तर, नदी हाकी राह्यनात का?” असं विचारायच्या.

पहिल्याच वर्षी मगननं एक नेम घालून दिला. एकेक तुकडा एकेकाच्या घरी ठेवायचा. बुडखा जीवरामकडे, मधला मगनकडे, शेंडा तोतारामकडे. “तिघं जमनूत, तं काठी जमी,” तो म्हणाला. मला आधी ही वाटणी आवडली नव्हती. पुढे कळलं की तीन घरांत राहणं यासारखं सुख नाही. तिन्ही घरांतल्या भाकरीचा वास मला यायचा आणि तिन्ही घरांतलं बोलणं कानावर पडायचं. सहा वर्षं असं चाललं. मी सुखात होते.

त्रेपन्न साली मगनची टोळी रेल्वेनं दोंडाईच्याकडे पाठवली. जाताना तो मधला तुकडा जीवरामकडे ठेवून गेला. त्याच सुमारास झुंबरबाई आजारी पडल्या आणि त्यांना घेऊन तोताराम धुळ्याच्या दवाखान्यात राहिला. घराला कुलूप, आणि शेंडा आत खुंटीवर. नेमके तेव्हा शाळा तपासायला दिपोटीसाहेब आले. साहेबांना माशांचा शौक. पिसाच्या माशीचं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. हेडमास्तरची जागा रिकामी होती, आणि साहेब उद्या सकाळी नदीवर जाऊ म्हणाले.

जीवराम मला घेऊन रुपचंद सुताराकडे गेला. रुपचंदनं साध्या वेळूचा शेंडा केला, पण तो जाड झाला. माझ्या मधल्या तुकड्याचं पितळी तोंड हातात धरून तो म्हणाला, “मास्तर, हाई तोंड घासनं पडी.”

जीवरामनं पितळेवरून एकदा बोट फिरवलं. मग म्हणाला, “घास.”

कानस आत फिरली तेव्हा मला फार दुखलं. त्याहून जास्त वाईट वाटलं ते दुसऱ्या दिवशी. गळाला माशी तोतारामच्याच हातची होती आणि खारे पटापट लागत होते. साहेब खूश झाले. दोन महिन्यांनी जीवराम हेडमास्तर झाला. तेवढ्यावर थांबता तरी ठीक होतं. पण आता कुणाची वाट बघायला नको म्हणून तो अधूनमधून सकाळी एकटाच मला घेऊन नदीवर जाऊ लागला.

झुंबरबाई बऱ्या होऊन घरी आल्या. आपण नवा शेंडा केला हे तोतारामला सांगायला जीवराम आज जातो, उद्या जातो म्हणत राहिला. एका सकाळी तोताराम बैलांना पाणी पाजायला नदीवर आला, तेव्हा हा पाण्यात उभा. तोतारामनं माझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं जीवरामला अरेतुरे करणारा माणूस म्हणाला, “चांगला शेंडा शे, मास्तर.” आणि बैल वळवून निघून गेला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं. भांडण नाही, शिवी नाही. जीवरामनं नवा शेंडा मोडून चुलीत घातला, पण तोतारामच्या दारी काही गेला नाही. मगन परत आला आणि आपला तुकडा घेऊन गेला. त्याच्या तोंडात डोकावून पाहायचं काही त्याला सुचलं नाही. चोपन्नचा भाद्रपद कोरडाच गेला. मला तर खारे आल्याचं भोयांच्या बोलण्यावरून कळलं.

पंचावन्नच्या भाद्रपदात तोतारामला विषमज्वर झाला. मगन जीवरामकडे आला. “तोताराम तापम्हा बरळी राह्यना. चाल, भेटी ये.” जीवराम म्हणाला, “शाळा सुटली का इसू.” शाळा सुटली. त्यानं पायात वहाणा घातल्या, पुन्हा काढल्या आणि उद्यावर टाकलं. चौथ्या दिवशी तोताराम गेला.

दहाव्याला सारं गाव नदीवर. मगननं माझा मधला तुकडा धोतराच्या सोग्यात गुंडाळून आणला होता, म्हणून मला ते सगळं पाहावं लागलं. पिंड मांडले होते. बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. थोरला भाऊ भाईदास हात जोडून म्हणाला, “पोरनं लगन मी करसू.” कावळा हलला नाही. चुलत्यानं बाग सांभाळायचा शब्द दिला, तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. मगन जीवरामकडे बघत होता, आणि मीही. ‘माझं चुकलं’, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. पण समोर सगळ्या विद्यार्थ्यांचे बाप बसलेले, आणि तो हेडमास्तर. तो पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत राहिला. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिववला आणि लोक उठले. मला जीवरामचा फार राग आला, आणि त्याची कीवही आली.

महिन्यानं झुंबरबाई शाळेत आल्या. हातात जुन्या लुगड्याच्या फडक्यात माझा शेंडा होता. दोन वर्षं न वापरलेला, तरी जवसाचं तेल लावून लख्ख ठेवलेला.

“भाऊ, हाई तुमनं शे,” त्या म्हणाल्या. “पोरना बाप दर अखाजीना सनले तेल लावेत. म्हनेत, जीवराम एक दिन ई. त्याले मांगाले लाज वाटी, तू आपलं दी टाक.”

जीवराम खाली बसला. मग त्यानं पोरांकरवी मगनला बोलावलं, मधला तुकडा मागवला, घरून बुडखा आणला. दोन वर्षांनी माझी तिन्ही अंगं एकत्र आली. त्यानं शेंडा मधल्याच्या तोंडात बसवला आणि मला उभं केलं. शेंडा निसटून जमिनीवर पडला. पुन्हा बसवला, पुन्हा पडला. मगननं पितळी तोंड उजेडात धरलं, आतले कानशीचे ओरखडे पाहिले आणि ते खाली ठेवलं.

“बसत नही का?” झुंबरबाईंनी विचारलं.

“नही, वहिनी,” जीवराम म्हणाला. “त्यानी जागा मीच घासी टाकी.”

ऐकायला हवं होतं तो माणूस तिथे नव्हता. झुंबरबाईंनी शेंडा उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि फडक्यात गुंडाळला. “मंग आमना घरच राहू दे,” म्हणाल्या आणि गेल्या.

मगननं आपला तुकडा परत नेला नाही. याला आता पाच वर्षं होतील. भाद्रपदात खारे आले असं पोरं वर्गात कुजबुजतात तेव्हा जीवराम मास्तर खिडकी लावून घेतात. मित्रांनो, मला उतरवून पुसा, वर्षातून एकदा तेल लावा, एवढं मागणं आहे. माझं तोंड भरून काढायला मात्र कुणी जाऊ नका. आणि तुमच्यापैकी कुणी मित्राशी अबोला धरला असेल, तर त्यानं आज शाळा सुटल्यावर वहाणा घातल्या की पुन्हा काढू नयेत.